अकराव्या मजल्यावरची दारीमा

दारीमाकडे कौतुकाचा शब्द एकच होता. "नोर्माल्ना." म्हणजे ठीक आहे, चालेल. संध्याकाळी शारजात आमच्या घरासमोरच्या खालिद लगूनवरचं आकाश केशरी व्हायचं, फिरायला आलेली माणसं फोन काढून जागच्या जागी उभी राहायची, आणि दारीमा चालता चालता तिकडे एक नजर टाकून म्हणायची, "नोर्माल्ना." माझ्या पुरणपोळीला ती दोनदा नोर्माल्ना म्हणाली होती. हे मी अजून लोकांना सांगते.

नापसंतीला तर तिच्याकडे शब्दच नव्हता. काही पटलं नाही की ती डोक्याचा रुमाल सोडायची, मांडीवर त्याची नीट त्रिकोणी घडी घालायची आणि पुन्हा बांधायची. तेवढा वेळ समोरच्याने आपलं काय चुकलं ते शोधायचं. बुटकी, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची बाई, पायात पांढरे बूट, खांद्याला थर्मास. तीस-पस्तीस वर्षं रशियातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिची मुलगी इथे विमान कंपनीत होती, म्हणून ती आमच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहत होती.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, अठ्ठावन्न वर्षांची. पुण्यात बँकेतून निवृत्त झालेली, हे गेल्यावर मुलीकडे अल मजाजला राहायला आलेली. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार असायचं, फक्त कोणी विचारायची खोटी. रशियाबद्दलही होतं: बर्फ, दारू आणि बुद्धिबळ. जावई निखिल तिथे डॉक्टरकी शिकलेला, पण त्याच्यापुढेही मी हे मत बिनदिक्कत मांडत असे.

रशिया आमच्या घरात आला तो मुलापायी. मेधाला मूल होणार नव्हतं हे नक्की झालं, तेव्हा दत्तक घ्यायचं ठरलं. निखिलला तिथली भाषा येत होती, ओळखी होत्या, तेव्हा तिथले नियमही आड येत नव्हते. आधी एक मुलगा दाखवला होता. मेधाने खोली रंगवून घेतली, पडदे शिवले. मग त्या मुलाचा कोणी काका पुढे आला आणि मुलाला घेऊन गेला. चांगलंच झालं, रक्ताचं माणूस मिळालं, असं आम्ही सगळे म्हणालो. मेधाने त्या खोलीचं दार लावलं आणि वर्षभर उघडलं नाही.

मग बुर्यातियामधून सेसेगचं कळलं. हा रशियाचा पार पूर्वेकडचा प्रदेश, बैकाल सरोवराच्या पलीकडचा, मंगोलियाला लागून असलेला. मुलगी अडीच वर्षांची. दोघं जाऊन तिला भेटून आले, ती मेधाच्या बोटाला धरून बालगृहाच्या दारापर्यंत आली. पण परत आल्यावर मेधाने खोली काही उघडली नाही, कारण तिथे एक पणजी निघाली होती.

पणजी दूरच्या खेड्यात एकटी राहायची. मुलगी गेलेली, नात गेलेली, उरलं हे एवढंच. सांभाळायची ताकद नव्हती, पण दर महिन्याला बस धरून बालगृहात यायची, पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि परत जायची. कायद्याने तिची सही लागत नव्हती. पण तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी निखिलला स्पष्ट सांगितलं होतं, "म्हातारी कोर्टात उभी राहून नको म्हणाली, तर जज पुढे जाणार नाही. आधी तिच्या घरी जा. आणि आमचा प्रदेश समजून घेऊन या, पर्यटकासारखे येऊ नका."

त्याच आठवड्यात निखिलला लिफ्टमध्ये दारीमा भेटली. फोनवर बोलत होती, आणि बोलण्यात त्या पणजीच्या गावाशेजारच्या गावाचं नाव आलं. निखिल तिच्यामागे अकराव्या मजल्यापर्यंत गेला. तिने त्याचं सगळं दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शुक्रवारी. तिघंही या. वही नको."

मी म्हटलं, "मी कशाला?"

"म्हातारी आधी आजीलाच विचारेल," असा निरोप आला.

आमची भाषा म्हणजे तिचं मोडकं इंग्लिश, माझं त्याहून मोडकं, आणि दोघींनी शारजाच्या दुकानांतून उचललेलं हिंदी. अडलं की निखिल. तिने मला वैजयंती म्हणून पाहिलं, जमेना, तेव्हा वैजा केलं.

पहिल्या शुक्रवारी मेधा पूर्ण तयारीने गेली. लोकसंख्या, तापमान, नद्या, सण, सगळं पाठ. दारीमाने ऐकून घेतलं. मग ओट्यावर कणीक पसरून बोटाने लांबट सरोवर काढलं, बाजूला एक टिंब काढलं, आणि विचारलं, "हे बालगृह. दार उघडल्यावर कसला वास येतो?"

मेधाने निखिलकडे पाहिलं.

"गेली होतीस ना?"

"हो."

"मग?"

"क्लोरीन," मेधा म्हणाली, "आणि उकडलेल्या कोबीचा." आणि रडायला लागली. मी उठले, तशी दारीमाने मला हातानेच बसवलं.

"नकाशाला वास नसतो," ती म्हणाली. "ती पोर इथे येईल तेव्हा हाच वास शोधेल. तू तिला विचारणार, काय झालं, का रडतेस? तिला सांगता येणार नाही. तुला माहीत हवं."

मग तिने त्या पणजीचा बसचा रस्ता शिकवला. कुठे चढ लागतो, कुठे खिडकीला बर्फ धरतो, कुठल्या वळणावर ड्रायव्हर गाडी थांबवून डोंगराच्या देवाला थेंबभर काहीतरी शिंपडतो. शिंपडण्यासाठी अनामिका वापरायची. मी लगेच म्हटलं, आमच्याकडेही जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात. दारीमाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बदल्यात तिने माझ्याकडे महाराष्ट्राचा नकाशा मागितला. "तुम्ही माझा प्रदेश शिकणार आणि मी फुकट बसू?" पुढच्या शुक्रवारी तिला आमच्या नद्या आमच्यापेक्षा चांगल्या येत होत्या. हे मी तेव्हा कौतुकाने पाहिलं. पुढे ते माझ्याच अंगावर येणार होतं.

मिठाचा चहा हा वेगळाच धडा. दूध, पाणी, हिरवट चहापत्ती आणि मीठ. पहिला घोट घेतल्यावर मी असं तोंड केलं की निखिलने मान फिरवली. दारीमा म्हणाली, "तोंड बघून म्हातारी सगळं ओळखेल. पुन्हा." चहा दोन्ही हातांनी घ्यायचा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, "पहिला पेला ती कुणालाही देईल, चोरालासुद्धा. दुसरा तिने आपणहून भरला तर समजा, बसा म्हणाली. नाही भरला तर नम्रपणे उठा. वाद घालू नका."

मग बूझ. हा त्यांच्याकडचा वाफवलेला पदार्थ, दिसायला थेट मोदक, आत मटणाचा खिमा. पाहुण्यांनीही घरातल्यांबरोबर बसून वळायला हातभार लावायचा असतो. मी मटणाला हात लावत नाही, पण कळ्या पाडायचं म्हटल्यावर माझा जीव राहीना. दारीमाने गोळे भरून द्यायचे आणि मी वळायचे. मेधाच्या दहा-बारा कळ्या, माझ्या एकवीस. वर शेंडी काढून छान मिटवून टाकले. दारीमाने रुमाल सोडला. मला वाटलं, हेवा वाटला बाईला.

झाकण काढलं तेव्हा मेधाचे सगळे जागेवर होते आणि माझे एकूण एक फुटून चाळणीत पसरले होते.

"वर भोक ठेवायचं असतं," दारीमा म्हणाली. "हे घर आहे, आमचं जुनं गोल घर. घराला धुराडं नको? सगळं घट्ट बंद केलंस, आतल्याने जायचं कुठे?"

मी म्हटलं, "आमचा मोदक बंदच असतो." वाद घालण्यात माझा हात कोणी धरला नसता.

शेवटचा धडा नावांचा. त्यांच्याकडे माणसाला सात पिढ्यांची नावं यावी लागतात. पोरांना वाटेत अडवून म्हातारे विचारतात, कुणाचा तू? निखिलला श्राद्धामुळे तीन पुरुष येत होते, बाकीचे त्याच्या काकांनी फोनवर सांगितले. मग दारीमा माझ्याकडे वळली. "कोर्ट बापांची विचारेल. म्हातारी आयांची विचारेल. तिच्या घरात आता बायकांचीच ओळ उरली आहे. तुझी सात सांग."

"मी वैजयंती. माझी आई सुशीला. तिची आई रमा." आणि गाडी थांबली. मिरजेच्या नव्वदीच्या मामांना फोन केला, तर ते म्हणाले, "आजीला आम्ही आजीच म्हणायचो गं, नाव कशाला लागतंय?"

दारीमाने सांगितलं, "शोध." मी म्हटलं, शोधते. मनात म्हटलं, तिकडे कोण तपासायला येतंय.

आणखी एक पराक्रम मी करून ठेवला होता. मुलीचं नाव बदलून ओवी ठेवायचं असं माझ्या मनाने घेतलं होतं. मेधा-निखिल 'बघू' म्हणाले होते, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे आईने गृहीत धरायचं असा रिवाज होता. मी बर दुबईला जाऊन सोनाराकडून चांदीची वाटी आणली, वर 'ओवी' कोरून घेतलं आणि स्वयंपाकघरात डब्यांमागे ठेवली. एकदा वेलची काढताना ती दारीमाच्या हाताला लागली.

"काय लिहिलंय?"

"मुलीचं नाव."

तिने वाटी होती तिथे ठेवली. रुमालाची घडी त्या दिवशी फार वेळ चालली.

मेधा-निखिल बुर्यातियाला गेले. म्हातारीच्या घरी जायचा दिवस ठरला. इथून व्हिडिओ कॉल लागत नाहीत, म्हणून साधाच फोन करायचा होता. तिथे दुपार, इथे सकाळ. दारीमा थर्मास घेऊन आमच्याकडे आली. आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसलो, मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन. बाहेर काचेपलीकडे लगूनचं पाणी तापून पांढरं झालं होतं. एसी चालू असूनही माझ्या पाठीला ब्लाउज चिकटला होता.

निखिलचा फोन आला. हळू आवाजात म्हणाला, "आई, चहा झालाय. एक-एक पेला. ती काही बोलत नाहीये. मेधाच्या हातांकडे बघतेय नुसती. आता म्हणतेय, आजीला द्या."

मग एक जाडसर, संथ आवाज आला. दारीमा म्हणाली, "विचारते, तू कुणाची?"

मी पाठ केलेलं सुरू केलं. मी एक नाव घ्यायचे, दारीमा ते त्यांच्या भाषेत पुढे द्यायची. वैजयंती. सुशीला. रमा. गोदावरी. भीमा. भीमा म्हणताना माझं मलाच कसंसं झालं, पण मी ठोकून दिलं. कृष्णा.

दारीमा थांबली. तिने फोनवर हात ठेवला.

"वैजा, या नद्या आहेत."

"आमच्याकडे नद्यांची नावं ठेवतात बायकांना."

"ठेवत असतील. एकाच घरात, एकामागून एक, उत्तरेकडून दक्षिणेकडे? आता कोयना म्हणणार आहेस."

मी कोयनाच म्हणणार होते.

"हे मी तिला सांगणार नाही," दारीमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खरं बोल, ते मी सांगेन. नाहीतर गप्प बस, तेही मी सांगेन."

फोनमधून तो संथ आवाज पुन्हा काहीतरी म्हणाला. त्यामागे मेधाचा घसा खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज मी तिच्या लहानपणापासून ओळखते. रडू दाबताना ती तसंच करते.

माझी सगळी हुशारी तिथे सरली. मी म्हटलं, "सांग तिला, मला तीनच माहीत आहेत. आमच्यात मुलीचं लग्न झालं की नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात. मग जुनं नाव कुणी घेत नाही. दोन-तीन पिढ्यांत पुसून जातं."

दारीमाने सांगितलं. मग प्रश्न आला.

"विचारते, तुझं आधीचं काय होतं?"

"इंदू."

"त्या नावाने तुला हाक कोण मारतं?"

मी विचार केला. आई होती तोवर आई मारायची. "आता कोणी नाही."

दारीमाने हे सांगायला वेळ घेतला. तिकडून लगेच उत्तर आलं, आणि ते ऐकताना तिने माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघितलं. "विचारते, माझ्या सेसेगचंही हेच करणार?"

बँकेत कितीदा मी कठीण प्रश्नाला 'वरून विचारून सांगते' म्हटलं होतं. इथे वर कोणी नव्हतं. मेधा तिकडे समोर बसली होती, तिला आमचं मोडकं बोलणं सगळं कळत होतं, आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "सेसेगच राहील."

दारीमाने ते पुढे दिलं नाही.

"सांग ना."

"डब्यांमागे वाटी आहे."

"वाटी आहे," मी म्हटलं. "वाटीचं नाव ओवी. मुलीचं सेसेग. सांग."

मग दारीमा बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. मी सांगितलेलं एवढं लांब नव्हतं. मधेच ती बोटांवर मोजत होती, त्यात मला गोदावरी ऐकू आलं, भीमा ऐकू आलं. मग तिने हाताने वाटीचा आकार केला, फोनवर कोणाला दिसणार होता देव जाणे. मी म्हटलं, "काय सांगतेस?" तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बोलून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसली.

मग फोनमधून एक घरघर सुरू झाली. मला वाटलं, म्हातारी रडतेय. मी दारीमाचा हात धरला. तो गार पडला होता. एवढी शूर बाई, तिचाही हात गार. घरघर वाढली, म्हातारीला खोकला लागला, आणि खोकल्यातून ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, भांड्याचं बारसं करणारी माणसं तिने पाहिली नव्हती."

म्हातारी हसत होती. आणि मग मेधाचा आवाज आला, अगदी कुजबुजत, फोन तोंडाशी धरून. "आई. दुसरा पेला भरला तिने."

दारीमाने थर्मास उघडला. दोन पेल्यांत मिठाचा चहा ओतला. अनामिका बुडवून खिडकीकडे थेंब उडवले, माझ्या काचेवर त्याचे डाग पडले. माझ्यापुढे पेला ठेवून म्हणाली, "नोर्माल्ना."

मी तो पेला संपवला. तोंड केलं की नाही ते आठवत नाही.

सेसेग आली. म्हातारी कोर्टात आली होती, पण बोलली एवढंच की पोरीला थंडी सोसत नाही, टोपी घालत जा. शारजात. पहिले काही महिने सेसेग मधूनच हुंगत घरभर फिरायची, मग मेधा कोबी उकडत ठेवायची. वाटी तिने ओवी म्हणूनच वापरली. "ओवीत दूध दे," म्हणायची. आता नववीत आहे, काही विचारलं की इंग्लिशमधून उत्तर देते, पण वाटी टाकू देत नाही.

दारीमा आणखी दोन वर्षं होती. रोज संध्याकाळी सेसेगला घेऊन लगूनवर जायची. काय बोलायच्या दोघी, मला कळायचं नाही, त्यांच्या भाषेत चालायचं. मी चार पावलं मागे. विचारलं तर दारीमा म्हणायची, "भूगोल."

मग तिच्या मुलीची बदली झाली, आणि दारीमा गावी परतायला निघाली. टॅक्सी खाली लागली होती. सामान चढलं. मी पुरणपोळ्यांचा डबा दिला, तो तिने हुंगून पिशवीत ठेवला. मिठी वगैरे तिच्यात नव्हतं. तिने सेसेगला समोर उभं केलं, आणि मला कळावं म्हणून हिंदीत विचारलं, "किसकी है तू?"

सेसेगने उजवा हात वर केला आणि एकेक बोट मिटत तिकडची नावं म्हटली. तिला जन्म देणारी, तिची आई, मग पणजी, मग मला न कळलेली आणखी. श्वास घेतला. मग डावा हात वर केला. "मेधा. इंदू."

ही इंदू कोण, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"सुशीला. रमा," सेसेग म्हणाली. बोटं संपत आली होती, पण ती थांबली नाही. "गोदावरी. भीमा. कृष्णा. कोयना."

मी दारीमाकडे पाहिलं. ती टॅक्सीत बसून रुमाल बांधत होती. काच खाली करून तिने सेसेगच्या टोपीला हात लावला.

"उत्तरेकडून दक्षिणेकडे," ती म्हणाली. आणि ड्रायव्हरला, "यल्ला, चलो."